पात्यावरचं नाव

मित्रांनो, मी वरूडच्या एका टिनाच्या शेडमध्ये राहणारा, सहा पंख्यांचा जुना फवारणी ड्रोन आहे. कारखान्यानं मला नंबर दिला. नाव दिलं ते अब्दुल गफ्फार पेंटर यांनी. गावातल्या निम्म्या ट्रॅक्टरांवरची नावं त्यांच्याच हातची. त्यांची मुलगी आमिना मला घरी घेऊन आली, त्या आनंदात त्यांनी माझ्या एका पात्यावर ऑइलपेंटनं तिचं नाव लिहिलं. चांगलं जाड, सावली दिलेलं. त्यांची नजर तेव्हाच जात चालली होती. पुढं त्यांनी ब्रश धरला नाही. मी मात्र फुशारून गेलो.

दुसऱ्याच दिवशी मला कापरं भरलं. एका ओळीतल्या झाडांवर औषध, शेजारची ओळ कोरडी. त्या वर्षी संत्र्याच्या फळगळीनं सगळेच हवालदिल झाले होते. बागायतदार भगवंतराव म्हणाले, "बाई, हे तं थरथर कापून राहिलं. माह्या बगीच्यात नोको आणू." मग बाकीच्यांनीही आमिनाला बोलावणं बंद केलं.

तिनं स्क्रू आवळले, मोटर बदलली. कापरं होतंच. शेवटी तिनं सहाही पंखे काढून एकेक मोटर नुसतीच फिरवली. एकही थरथरली नाही! मग एकेक पंखा सळईवर तोलला. पाच आडवे राहिले. सहावा रंगाच्या वजनानं नावाच्या बाजूला झुकला.

 ती मला पोत्याखाली झाकून निघून गेली. अब्बांना हे सांगणार कोण? तीन आठवडे बाहेरून संत्र्यांचे ट्रक जात राहिले, मला कोणी विचारलं नाही. फार एकटं वाटलं, मित्रांनो. त्या रंगाचा राग यायचा, आणि तो जाईल याची भीतीही वाटायची.

एक दिवस अब्बाच भिंत चाचपत आले. "बेटा, तुह्या मशीनचा आवाज काहून येत नाई?"

आमिनानं रडत रडत सांगितलं. त्यांनी पंखा मागून घेतला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि दाढीच्या पत्तीनं स्वतःच रंग खरवडायला बसले.

"पेंटरले मिटवताबी आलं पायजे," एवढंच म्हणाले.

आता मी सरळ उडतो. भगवंतरावांनीही परत बोलावलं. अब्बा बांधावर बसून माझा आवाज ऐकतात. पण माझ्या अंगावर आता कुणाचंच नाव नाही. काम संपल्यावर आमिना पंखे पुसते, तेव्हा त्या एका पात्यावर तिचा अंगठा थांबतो.

मित्रांनो, यंत्र कापायला लागलं तर त्याला कोपऱ्यात टाकू नका. एकेक भाग सोडवून, तोलून पहा. कधी कधी दोष मायेचाही निघतो. तो काढताना हात हळू ठेवा.