डाव्या अंगाचे खवले

नाव अंगणात पालथी पडून होती आणि मी तिच्यापुढं गोणपाट अंथरून हत्यारं मांडली होती. मोठा रंधा, छोटा रंधा, कानस, फुटक्या काचेचे चार तुकडे आणि हैदरभाईच्या दुकानातून आणलेली घासायची मशीन. चाळीस वर्षं सुतारकी केली, पण कोणतं हत्यार उचलावं हे ठरवायला मला कधी दोन दिवस लागले नव्हते.

मी रामकिसन. मुकुंदवाडीत राहतो, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. जन्मभर कपाटं केली, दिवाण केले, देव्हारे केले. नाव कधी केली नव्हती. ही नाव भागूची होती. भागू, माझी बायको, यंदा आषाढात गेली.

तिचे वडीलही सुतारच. पण ते नदीकाठचे. पैठणच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव, आणि तिथल्या भोयांच्या नावा तेच करायचे. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी दहा वर्षांच्या भागूच्या हातात वाकस दिला. वाकस म्हणजे लहान कुदळीसारखं हत्यार, पातं आडवं असतं. लाकूड तासायला आपल्या अंगाकडं ओढून मारायचं. भागू डावखुरी. वडिलांनी तिच्यासाठी वेगळा दांडा करून दिला होता, डाव्या हाताला बसेल असा.

लग्नात तो वाकस तिनं जुन्या लुगड्यात गुंडाळून आणला होता. मी पाहिला आणि हसलो होतो. मग तो चाळीस वर्षं पेटीच्या तळाशी राहिला. तिनं काढला नाही, मीही काढ म्हणालो नाही. आमच्या घरात सुतार एकच आहे, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी तिचं दुखणं निघालं. केमो सुरू झाली. तेव्हा कचरू तिला बघायला आला. कचरू तिच्या माहेरचा भोई, नाथसागरात मासे धरतो. भागू त्याला दरवर्षी राखी बांधायची. चहा पिता पिता तो म्हणाला, "भागे, तुझ्या बापानं केलेली नाव सडली बघ माझी. आता समद्या पत्र्याच्या नाय तर फायबरच्या. लाकडाची करणारा एक माणूस राह्यला नाय."

"मी हाय की," भागू म्हणाली.

कचरू हसला. मी पण हसलो. भागू हसली नाही.

"दादा, पुढल्या दिवाळीला नाव घेऊन जा. शब्द दिला तुला."

कोणाचं तरी माळवद पाडलं होतं, त्याचं जुनं सागवान आणलं. आतल्या आडव्या फासळ्यांना बाभूळ. ती पाटावर बसून सांगायची, मी कापायचो. कधी माझं माप तिला पटायचं नाही. "अहो, हे कपाट नाय. पाण्यात लाकूड फुगतं. जागा सोडा." मला राग यायचा. तरी जागा सोडायचो. फटीत तेलाचा ताग भरला, नाव पालथी घातली, मग बाहेरून तासायची वेळ आली. उजवं अंग मी तासलं. डावं तिनं.

दोन केमोच्या मध्ये जे बरे दिवस यायचे त्यात ती बसायची. डोक्याला रुमाल, साडीचा पदर खोचलेला, डाव्या हातात वाकस. रोज वीतभर. मी बंद कर म्हणालो की म्हणायची, "तुम्ही चहा ठेवा."

आता ते सगळं मला त्या फळ्यांवर दिसत होतं. वाकसाचा प्रत्येक घाव लाकडावर एक उथळ खळगा सोडतो, रुपयाएवढा. ती त्यांना खवले म्हणायची. माझ्या बाजूचे खवले एका अंगाला कललेले, तिच्या बाजूचे उलट्या अंगाला. तोंडाकडचे तिचे खवले ठसठशीत होते. ते चैत्रातले. मधल्या भागात लहान होत गेलेले. पुढं पुढं तर पाखरानं चोच मारावी एवढेच. शेपटाकडं हातभर जागा कोरीच राहिली होती. तिथं ती पोचली नाही.

डोळे मिटून तळवा फिरवला तरी कोणता खवला कोणत्या महिन्यातला हे मला कळायचं. आषाढापासून मी रोज सकाळी तेच करत होतो.

जाण्याच्या आठेक दिवस आधी ती मला म्हणाली होती, "ऐकता का? रंधा लावू नका तिला. आहे तशीच डांबराला द्या."

मी "बरं" म्हणालो. मला वाटलं, आपल्या हाताचं काही मागं राहावं, असं तिला म्हणायचंय. आजारी माणसाची इच्छा. मी तिचा हात धरला आणि अजून एकदा "बरं" म्हणालो.

पण ती गेल्यावर ते शब्द मला टोचत राहिले. खवले ठेवावेत हे माझ्याही जिवाला वाटत होतं. म्हणूनच मला ते चुकीचं वाटायला लागलं. कचरू काय म्हणेल? गिऱ्हाइकाला कोणी असं खडबडीत काम देतं का? लोक नावेला हात लावतील आणि म्हणतील, बाईनं तासलीय, सोडून द्या. भागूच्या कामाला कोणी नावं ठेवलेली मला चालणार नव्हती. मी ठरवलं, आपल्या जिवासाठी तिचं काम अर्धवट ठेवायचं नाही. नाव अशी गुळगुळीत करायची की हात ठेवला तर घसरला पाहिजे.

म्हणून औरंगपुऱ्यात हैदरभाईकडं गेलो. त्यांचं हार्डवेअरचं दुकान, माझी तीस वर्षांची ओळख.

"रामकिसनभाऊ, आज कौनसा कपाट?"

"नाव आहे."

"नाव?" त्यांनी चष्मा वर केला. "इथं नळाला आठ दिवसाला पाणी येतं. नाव चालवणार कुठं, हौदात?"

दुकानातली दोन माणसं हसली. मग हैदरभाईंनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांना आठवलं. "वो भाभीवाली?"

मी मान हलवली.

त्यांनी मशीन काढली, वायर तपासली, पॉलिश पेपर दिले, जाड आणि बारीक. पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "मशीन बेरहम असते भाऊ. एकदा फिरली की काही ठेवत नाही. जिथं दिल नाही मानत, तिथं हात से करा."

माझ्या बाजूला मशीनच फिरवली. दोन तासांत उजवं अंग साफ झालं. माझे स्वतःचे खवले जाताना मला काही वाटलं नाही. धूळ उडाली, शेजारच्यांनी खिडक्या लावल्या, झालं.

डाव्या बाजूला मशीन नेली, बटणावर बोट ठेवलं आणि परत खाली ठेवली. हैदरभाईंचं खरं होतं. मोठा रंधा उचलला. तो एका ओढीत चार-पाच खवले घेऊन जातो. तोही ठेवला. छोट्या रंध्याचं पातं केसाएवढं बाहेर ठेवलं आणि शेपटाकडून सुरू केलं, कारण तिथले खवले उथळ होते. ते आधी गेले. ज्येष्ठातले, आषाढातले. तिला धाप लागायची आणि दर चार घावांनी ती थांबायची, ते दिवस. रंध्याच्या तोंडातून पातळ ढलप्या निघत होत्या, वाळलेल्या कांद्याच्या सालीसारख्या. मी त्या एका डब्यात भरत होतो. कशाला, ते माहीत नाही.

तोंडाकडचे खोल खवले रंध्यानं एकदम काढणं जिवावर आलं. तिथं काच घेतली. फुटक्या काचेची धार दोन्ही हातांनी धरून लाकडावरून ओढायची, भुग्यासारखं थोडं थोडं निघतं. माझा बाप देव्हाऱ्याला शेवटचा हात काचेनंच द्यायचा. सगळ्यांत हळू काम. मला हळूच करायचं होतं. चार दिवस लागले. शेवटचा खवला तोंडाजवळ, अगदी पहिल्या दिवसाचा. तिनं तो मारला तेव्हा माझ्याकडं बघून म्हणाली होती, "बघा, हात इसरला नाय." त्याच्यावर मी काच किती वेळा ओढली मोजलं नाही. तो गेला. मी तळवा फिरवला. हात घसरला. मी ओट्यावर जाऊन बसलो आणि त्या दिवशी जेवलो नाही. पण मनाला एक होतं, की काम नीट झालं.

दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी कचरू आला. डांबराचा डबा आणि ब्रश घेऊन. टेम्पो संध्याकाळी येणार होता.

नाव बघून आधी त्यानं हात जोडले. मग जवळ गेला, तळवा ठेवला आणि तो घसरला तसा थांबला. वाकून पाहिलं. दुसऱ्या बाजूला गेला. तिथंही हात फिरवला.

"दाजी, ही गुळगुळीत कोणी केली?"

"मी केली. पाच दिवस लागले."

त्यानं हात काढून घेतला.

"का? काय झालं? बोल की."

"काय नाय. दिसायला लई भारी दिसते."

"कचरू, खरं सांग."

त्यानं डोक्यावरचा गमछा काढून तोंड पुसलं. "दाजी, अशा लाकडाला डांबर धरत नाय. उन्हात पापड सुटतो त्याचा. मग पाणी लाकडात जातं, दोन वर्षांत फळी कुजते. भागीचा बाप कधी रंधा लावत नव्हता नावेला. वाकसाचे खवले असतात ना, त्यात डांबर बसतं, तिथंच पकडतं. माझी आधीची नाव तीस वर्षं चालली ती त्या खवल्यांवर." मग म्हणाला, "भागी बोलली नाय का तुम्हाला?"

भागू बोलली होती. सरळ शब्दांत बोलली होती. ऐकता का, असं विचारून बोलली होती. ती आजारी बायको म्हणून काही मागत नव्हती. एक सुतार दुसऱ्या सुताराला काम सांगत होता. आणि मी तिचा हात धरून, लहान मुलाला म्हणावं तसं, बरं म्हणालो होतो.

मी खाली बसलो. कचरू माझ्याशेजारी बसला.

"व्हतं असं," तो म्हणाला.

"तिचे खवले होते रे. सगळे होते. मी काचेनं काढले."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्यानं नावेच्या डाव्या अंगाकडं पाहिलं, आणि तोंड फिरवून घेतलं. आम्ही दोन म्हातारे अंगणात मातीत बसून रडलो. शेजारची बाई दारात आली आणि परत आत गेली.

"टेम्पोवाल्याला नको म्हणतो," कचरू शेवटी म्हणाला. "चार दिवसांनी येऊ द्या. पुन्हा खवले पाडावे लागतील. लाकूड अजून जाड हाय, भागीनं जाडच ठेवलंय."

ते तिनं का ठेवलं होतं, हे त्यानंही बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती मला ओळखत होती.

उजवं अंग मी माझ्या वाकसानं दिवसात उरकलं. डाव्या बाजूला आलो. उजव्या हातानं पाच-सहा घाव घातले आणि पाहिलं. खवले माझ्या बाजूसारखेच कललेले. बरोबर होते, डांबर धरलं असतं. पण ते डावं अंग नव्हतं.

घरात गेलो, पेटी उघडली, लुगड्यातून भागूचा वाकस काढला. दांडा तिच्या हातानं काळा, गुळगुळीत झालेला. मी डाव्या हातात धरला. तो माझ्या मुठीत नीट बसला नाही, पण डाव्या हातासाठीच केलेला होता.

पहिला घाव वाकडा गेला. दुसरा घसरला. माझ्या डाव्या हाताला कधी हत्याराची सवयच नव्हती. मनगट दुखायला लागलं. दर चार घावांनी थांबावं लागत होतं. कचरू ओट्यावर बसून ताग वळत होता. एकदा म्हणाला, "दाजी, उजव्यानं करा की. डांबराखाली कोण बघतं?"

"तू चहा ठेव," मी म्हणालो.

तो उठला आणि आत गेला.

चौथ्या दिवशी दुपारी शेपटापर्यंत पोचलो. तिची कोरी राहिलेली हातभर जागा तासली. मग मागं सरून पाहिलं. तोंडाकडच्या तिच्या ठसठशीत खवल्यांसारखा एकही मला पाडता आला नव्हता. सगळे उथळ, दमलेले, पाखरानं चोच मारल्यासारखे. आषाढातल्या तिच्या हाताला जेवढं बळ होतं, तेवढंच माझ्या डाव्या हाताला होतं. तोंडापासून शेपटापर्यंत सगळी बाजू त्या शेवटच्या दिवसांसारखी दिसत होती.

कचरूनं तळवा फिरवला. हात अडकत अडकत गेला. "धरंल," तो म्हणाला.

त्यानं डांबर गरम केलं. ब्रश मी घेतला. डाव्या अंगाला मीच लावलं, आणि कचरूनं लावू दिलं. डांबर खळग्यांत उतरत होतं आणि बसत होतं, कचरू म्हणाला होता तसं. शेवटचा हात मारायच्या आधी मी डोळे मिटून एकदा तळवा फिरवला. कोणता खवला कोणत्या महिन्यातला, ते काही कळलं नाही.

"दाजी, हात पुसा," कचरू म्हणाला, "टेम्पो आला."