दादाची ढगळ पँट

ढब्बूने दादाच्या कमरेभोवती टेप गुंडाळली, आकडा पाहिला आणि म्हणाला, "दादा, पोट आत ओढू नकोस. सरळ उभा राहा."

"सरळच उभा आहे रे."

ढब्बूने पुन्हा पाहिलं. अडतीस. सहा महिन्यांपूर्वी हीच कंबर बेचाळीस होती.

सुट्ट्यांमध्ये सगळं कुटुंब चार दिवस आईकडे जमायचं, आणि त्या चार दिवसांचे सगळ्यांचे नवे कपडे ढब्बूच्या दुकानात शिवले जायचे. टेलर म्हणून त्याचं नाव होतं. माप अर्ध्या बोटानेही चुकायचं नाही. ढब्बू हे नाव मात्र लहानपणी घरच्यांनीच ठेवलेलं, आणि पंचेचाळिशीतही ते त्याला शोभत होतं.

सहा महिन्यांपूर्वी दोघे भाऊ एकत्रच रक्त तपासायला गेले होते. दोघांचीही साखर काठावर. डॉक्टरांनी दोघांना एकच सांगितलं: अर्धं ताट भाजी, वाढून घ्यायचं ते एकदाच, गोड-तळलेलं नावापुरतं, जेवणानंतर अर्धा तास चालणं. बाहेर पायऱ्यांवर दोघांनी एकमेकांना टाळी दिली होती.

दादा बस चालवायचा. तो डब्यात उकडलेल्या भाज्या नेऊ लागला आणि शेवटच्या थांब्यावर बस उभी केली की आवाराला फेऱ्या मारू लागला. ढब्बूच्या दुकानाला लागूनच बेकरी होती. तो एकोणीस दिवस टिकला.

"तुझं कसं चाललंय?" दादाने शर्ट खोचत विचारलं.

"चाललंय की," ढब्बू म्हणाला आणि वहीत तोंड घातलं.

दुपारी त्याने दादाचं कापड टेबलावर पसरलं, खडू हातात घेतला आणि तसाच उभा राहिला. आता चार दिवस काय ऐकावं लागणार ते त्याला दिसत होतं. दादा किती फिट झाला! नाहीतर आमचा ढब्बू! लहानपणापासून हेच. दादाचं अक्षर, दादाची नोकरी, आता दादाची कंबरही. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याने एकेचाळीसवर खूण केली आणि कात्री चालवली. शर्टही खांद्यात दोन इंच सैल ठेवला. चूक नव्हती ती. एवढ्या कापडात दादाची कंबर कोणाला दिसणारच नाही, असा हिशेब होता.

पहिल्या दिवशी दादा नवे कपडे घालून बाहेर आला. पट्टा शेवटच्या भोकात, पँटला पुढे चुण्या, शर्ट खांद्यावरून ओघळलेला. कोणी 'फिट' म्हणालं नाही. ढब्बूला गार वाटलं.

मग आई उठून दादाजवळ गेली आणि त्याच्या बाहीत दोन बोटं घालून पाहिली.

"कपडे लोंबतायत रे अंगावर. बरं नाही का तुला?"

"मला काय धाड भरलीय? मुद्दाम कमी केलंय, आई."

"असं कोणी एवढं कमी करतं का? बस, वाढते मी."

झालं. टेबलाभोवती माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि जो तो दादाच्या ताटात वाढू लागला. आत्याने तळलेलं वाढलं, मामांनी गोडाचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "खा रे, नुसता वाळलायस!" दादा हसून नाही म्हणत राहिला, ताटावर हात आडवा धरत राहिला. त्याने भाजी खाल्ली, एकदाच भात घेतला आणि उठून फिरायला गेला. ढब्बूने त्याच्याकडे न बघता तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच्या हाताने घास पुढे केला. "माझ्यासाठी," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. दादाने तो घास खाल्ला. मग दुसरा. मग वाटीभर गोड संपवलं आणि फिरायलाही गेला नाही. इतके दिवस ढब्बू ज्याची वाट बघत होता तेच झालं होतं. क्षणभर त्याला आतून गुदगुल्या झाल्या. नंतर मात्र दादा रिकाम्या वाटीकडे ज्या नजरेने बघत बसला, ते त्याला बघवेना.

ताटं उचलून तो स्वयंपाकघराकडे गेला. आत आई वहिनीला विचारत होती, "खरं सांग, काय आजार आहे? त्याचे वडील असेच वाळत गेले होते. माझ्यापासून लपवू नका गं."

"आई, शपथ, काही नाही," वहिनी म्हणत होती. "किती वेळा सांगू?"

ढब्बू ताटं घेऊन दारातच थिजला. मग आत गेला.

"आई, त्याला काही झालेलं नाही. कपडे मी ढगळ शिवलेत."

"तू? माप चुकलं?"

"नाही चुकलं."

मागे दादा येऊन उभा होता. वहिनीने हातातला चमचा खाली ठेवला.

"का रे?" दादाने विचारलं.

"तू बारीक झालास म्हणून," ढब्बू म्हणाला. "मला नाही जमलं. एकोणीस दिवसांत संपलं माझं."

आईने त्याला असं काही फैलावर घेतलं की बाहेर बसलेली आत्या आत डोकावली. दादा मात्र खोलीत गेला, पँट बदलून आला आणि ती ढब्बूच्या अंगावर फेकली. "उद्या सकाळी मला बरोबर हवीय."

दुकान बंद होतं. ढब्बूने आईचं जुनं हातमशीन खिडकीत ओढलं आणि संध्याकाळ होईपर्यंत उसवत, शिवत बसला. दादाचा शर्टही मागून घेऊन त्याचे खांदे नीट केले.

तिसऱ्या दिवशी दादा ते कपडे घालून आला तेव्हा आई बघतच राहिली. "अगं बाई, हा तर लग्नातल्यासारखा दिसतोय!" मामांनी पाठीवर थाप मारली. आत्याने दृष्ट लागेल म्हटलं. त्या दिवशी कोणी वाढायचा आग्रह केला नाही, आणि जे ऐकायचं ढब्बूने टाळलं होतं ते सगळं त्याला ऐकावं लागलं. पोटात दुखलंच. आदल्या दिवशी कबूल केलं म्हणून ते थांबलं नव्हतं.

जेवताना दादा त्याच्या शेजारी येऊन बसला. "अजून राग आहे का?" ढब्बूने हळूच विचारलं.

"आहे," दादा म्हणाला. "पण फिरायला चल."

दादाने एक चमचा गोड घेतलं. ढब्बूने ते नीट पाहिलं आणि स्वतः अर्धाच घेतला. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला बस एवढंच."