दोन सीटांची गाडी

साहेबांचा एक पाय आत गेला, पण दुसरा काही केल्या वळेना. गाडी इतकी बुटकी होती की तिच्यात बसणं म्हणजे जमिनीवर फतकल मारण्यासारखंच होतं. ड्रायव्हरने पुढे होऊन त्यांच्या कोपराला आधार दिला, गुडघा हलकेच आत सरकवला आणि दार लावलं. काचेआड साहेबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. बावीस वर्षांत त्याने त्यांना त्या जागेवर बसलेलं पाहिलं नव्हतं. ती जागा त्याची होती.

"हिची मागची सीट कुठंय?" त्याने शोरूममधल्या मुलीला विचारलं.

"काका, स्पोर्ट्स कार आहे ही," ती हसून म्हणाली. "दोनच सीटा असतात."

मालक स्वतःच चालवणार म्हटल्यावर ड्रायव्हर कशाला हवा, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. त्याला अठ्ठावन्नावं लागलं होतं आणि एका डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढला होता. या वयात त्याला दारात कोण उभं करणार? सकाळी निघताना साहेब नुसतं "गाडी बघायला जाऊ" म्हणाले होते. त्याला वाटलं होतं, जुनीसारखीच एखादी ऐसपैस गाडी असेल.

साहेबांनी काच खाली केली तसा तो वाकला.

"साहेब, आपल्या फाटकाच्या चढाला हिचं पोट घासेल."

"घासू दे."

"डिकी पाहिलीत का? एक बॅग मावायची नाही."

"मला कुठे बॅग न्यायची आहे?"

"तुमची पाठ धरेल. डॉक्टरांनी सांगितलंय…"

"अरे, गाडी मी घेतोय की तू?" साहेब म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. ते रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

साहेब पूल बांधणारे इंजिनिअर. निवृत्त झाले तरी कामाची सवय सुटली नव्हती. साधा पंखा घ्यायचा तरी चार दुकानं पालथी घालायची, पाती मोजायची, माहितीपत्रकातली बारीक अक्षरं भिंगातून वाचायची. "लग्न ठरवताना यांनी माझ्या वडिलांकडे माझी गॅरंटी मागितली होती," असं बाई थट्टेने म्हणायच्या. बाईंना जाऊन चार महिने झाले होते. साहेब अजूनही मागच्या सीटवर उजवीकडे अंग चोरून बसत आणि डावी बाजू रिकामी ठेवत.

मुलीने रंगांची पाटी पुढे केली. "तयार फक्त पिवळी आहे, सर. दुसरा रंग हवा असेल तर तीन-चार महिने लागतील."

"पिवळी चालेल."

जन्मभर राखाडी शर्ट घालणारा माणूस हे म्हणाला. पाच वर्षांच्या सर्व्हिसची योजना घ्यायची का, असं तिने विचारलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. वाढीव वॉरंटी? नको. गाडी किती पेट्रोल खाते, सुटे भाग मिळतात का, यातलं त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"समोर काही आलं की गाडी आपली आपण ब्रेक लावते म्हणे. ते बंद करता येतं का?"

"येतं ना, सर." तिने एक बटण दाखवलं. "पण शक्यतो चालूच ठेवा."

"हो, हो," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "ही जुनी गाडी तुझ्या नावावर करतोय. कागदांवर सह्या झाल्यात. भाड्याने चालव, तुझं भागेल."

दिवसभर ड्रायव्हरला जो घोर लागला होता, तो असा एका वाक्यात मिटला होता. त्याने आरशात पाहिलं. साहेबांचा चेहरा सगळी कामं उरकलेल्या माणसासारखा शांत होता.

घरी बायकोने ऐकलं आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "देवमाणूस आहे," ती म्हणाली. "तुझं तोंड का एवढंसं झालंय?"

"साहेबांनी भिंतीवरचं घड्याळ माळ्याला दिलं. बाईंच्या कुंड्या शेजारी गेल्या. स्वयंपाकीणबाईंना बुधवारपासून आठ दिवस सुट्टी दिली."

"मग? एकटा जीव, आवरतोय पसारा."

"गाडी बुधवारीच मिळणार आहे." तो थांबला. "त्यांना गाडी नकोय गं. त्यांना…"

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं. ती हळूच म्हणाली, "मुलीला सांग त्यांच्या."

परदेशातल्या ताईंना त्याने फोन केला. ताईंना आनंदच झाला. "बाबांनी आयुष्यात कधी हौस केली नाही. करू दे ना आता. आईलाही आवडलं असतं." त्याने दोनदा सांगून पाहिलं, पण त्याच्याकडे पुरावा असा काहीच नव्हता. पिवळा रंग आणि न विचारलेले प्रश्न, एवढंच होतं. तुमचे वडील जीव द्यायला निघालेत, असं पगारी माणसाने फोनवरून कोणत्या तोंडाने सांगायचं? आपलाच अंदाज चुकला असेल तर? आणि अंदाज बरोबर असेल तर, गप्प बसणाऱ्याच्या दारात एक गाडी आयती उभी राहणार होती. हा विचार मनात आला तेव्हा त्याला स्वतःची किळस वाटली.

बुधवारी दहा वाजता त्याने साहेबांना शोरूमवर सोडलं. पिवळी गाडी बाहेर काढून ठेवली होती. शोरूममधल्या मुलीने फोटो काढला, साहेबांनी तो मुकाट्याने काढू दिला. मग त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"जा आता. तुझी गाडी घेऊन घरी जा. जपून चालव."

ड्रायव्हरने जुन्या गाडीची किल्ली शोरूमच्या रखवालदाराकडे दिली, वळसा घालून आला, पिवळ्या गाडीचं दुसरं दार उघडलं आणि आत बसून पट्टा लावला.

"हे काय?"

"मला घरी सोडा, साहेब."

"तुला गाडी दिलीय ना?"

"किल्ली रखवालदाराकडे राहिली."

मुलगी बघत होती. तिच्यासमोर वाद नको म्हणून की काय, साहेब स्टिअरिंगमागे बसले. पहिलाच हिसका असा बसला की दोघांची डोकी मागे आपटली. ड्रायव्हर बोलू लागला आणि बोलतच राहिला. हळू. समोर सायकल आहे. आरसा बघा. तो बसवाला दाबतोय, त्याला जाऊ द्या. आपण गप्प बसलो की संपलं, असं त्याला वाटत होतं.

शहराच्या टोकाला रस्ता दुभंगतो. उजवीकडचा धरणाकडे जातो, डावीकडचा वळून पुन्हा वस्तीत येतो. साहेबांनी कडेला गाडी थांबवली आणि उजवा दिवा लावला. तो टिकटिक करत राहिला.

"उतर इथे."

"इथे थांबायला मनाई आहे, साहेब."

"उतर म्हणतोय ना."

ड्रायव्हर समोर बघत राहिला. "ब्रेकचं ते बटण मी मघाशीच पाहिलं. बंद होतं. चालू करून ठेवलंय."

साहेबांचे हात स्टिअरिंगवरच होते. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने. शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याने गाडी हलली.

"तू काय रोज बसणार आहेस का इथे?" त्यांनी विचारलं.

"बसेन की."

"आणि किती दिवस?"

"बावीस वर्षं मोजली नाहीत, साहेब. हे कशाला मोजू?"

साहेबांनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. त्यांची पाठ हलत होती. ड्रायव्हरने त्यांना कधी हात लावला नव्हता, आधार द्यायचा तेवढाच. आता त्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. हॉर्न वाजवणारे वैतागून पुढे निघून गेले. उजवा दिवा कधी बंद झाला, हे त्याच्या लक्षात आलं नाही. गाडी डावीकडे वळली तेव्हा कळलं.

फाटकाच्या चढाला गाडीचं पोट घासलं. दोघांनीही तो आवाज ऐकला. अंगणात गाडी मागे घेताना साहेब तीनदा चुकले. चौथ्यांदा मागचा कोपरा भिंतीला टेकला.

"कोणत्या गाढवाने बनवलीय ही गाडी?" साहेब ओरडले.

ड्रायव्हरने हात लांब करून गाडी बंद केली. किल्ली सवयीने त्याच्याच खिशात गेली. साहेबांनी ती मागितली नाही.

"मी आज इथेच थांबतो," तो म्हणाला. "बायको दोघांचा डबा घेऊन येईल. जेवणं झाली की ताईंना फोन लावतो. तुम्ही बोला, मला नीट सांगता आलं नाही."

साहेबांनी डोळे पुसले आणि मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"आणि उद्या सहाला रस्त्यावर काढू. मोकळा असतो. रिव्हर्स अजून जमत नाही तुम्हाला."

"परवा?"

"परवा चढावर थांबवून पुढे काढायची. ते रिव्हर्सहून अवघड."

साहेब आरशातून मागच्या भिंतीकडे बघत बसले. पिवळा रंग तिला लागला होता. मग ते दार उघडून उतरायला लागले, पण पाय काही वर येईना, म्हणून पुन्हा मागे टेकले.

"सहाला मला जाग येत नाही," ते म्हणाले. "साडेसहाला काढू."