वाऱ्याआडची काच

तिसऱ्यांदा आचका देऊन मोटारसायकल थांबली तेव्हा उल्कानला वाटलं, प्लगवर काजळी धरली असेल. तिने प्लग काढला, रुमालाने पुसला, पुन्हा बसवला आणि किक मारली. काही नाही. मग टाकीचं झाकण उघडून तिने गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवली. आत पेट्रोलचा आवाजच आला नाही.

"असं कसं होईल?" ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला उघडा डोंगर आणि समोरून खिंडीतला वारा.

आदल्या संध्याकाळी तिने स्वतः काठी बुडवून पाहिलं होतं. पाच लिटर होतं. गावापासून शार्शेनच्या उन्हाळी कुरणापर्यंत अडुसष्ट किलोमीटर. ही गाडी लिटरला अठरा जाते, हे तिला कधी मोजून बघावं लागत नसे. सव्वीस वर्षं ती गावच्या दवाखान्यात होती. तिथे डॉक्टर नव्हताच. इंजेक्शन तीच द्यायची, टाके तीच घालायची, बाळंतपणंही तीच करायची. उन्हाळ्यात कळप घेऊन वर गेलेली माणसं एखाद्या टेकाडावर चढून रेंज मिळाली की तिला फोन करायची आणि ती निघायची. वाटेत अडकली असं एकदाही झालं नव्हतं.

सकाळी सहाला शार्शेनचा फोन आला होता. "उल्कान, सुनेला कळा लागल्यात. दिवस भरायला अजून तीन आठवडे आहेत. आणि घरातली म्हणते, पोर उलटं आहे."

"हलवू नका तिला. मी निघालेच."

जिल्ह्याची रुग्णवाहिका पोचायला दुपार झाली असती. म्हणूनच तर तिला फोन होता.

अजून आठ किलोमीटर उरले होते. तिने गाडी आडवी पाडली, टाकीच्या कोपऱ्यात राहिलेले चार थेंब नळीकडे उतरवले आणि त्यावर जेमतेम तीनशे पावलं गेली. मग पिशवी खांद्याला लावून चालू लागली. चढावर चालायची, सपाटीला पळायची. वारा इतका समोरून होता की तोंड उघडून श्वास घेतला तरी आत काही जात नव्हतं. चोपन्न वर्षांची छाती फुटायला आली. तासाभराने एक घोडेस्वार भरधाव येताना दिसला. शार्शेनचा मुलगा. एजे, म्हणजे ताई, असं तो तिला म्हणायचा.

"उल्कान एजे! गाडी कुठंय?"

"हात दे आधी. वर घे मला."

ती नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तंबूत शिरली तेव्हा दीड तास वाया गेला होता. बाळ पायाळू होतं. खांद्यापर्यंत आलं होतं आणि डोकं अडकून बसलं होतं. अशी सात बाळंतपणं उल्कानने केली होती. बोटं कुठून सरकवायची, हनुवटी छातीला कशी लावायची, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. चार मिनिटांचं काम. तिने ते चार मिनिटांत केलं. मुलगा होता. सगळं जागच्या जागी होतं, नखंसुद्धा. तो रडला नाही.

रक्त थांबवण्यात दुपार झाली. बुरुल, शार्शेनची सून, वाचली. बाहेर शार्शेनची म्हातारी बायको उल्कानच्या हातांवर पाणी घालत होती. अजिबात दोष न देता, जणू हवापाण्याचं बोलावं तशी ती म्हणाली, "तू यायच्या तासभर आधी पाय हलवत होता गं. मी पाहिले."

शार्शेनने तिचे ओले हात आपल्या हातांत धरले. "अल्लाची मर्जी, उल्कान. सून तरी राखलीस." त्याने परतीसाठी आपल्या डब्यातलं पेट्रोल दिलं आणि मुलाला सांगून तिला गाडीपर्यंत पोचवलं.

परतताना वारा पाठीवर होता. गाडी नेहमीसारखी धावली, कुठे खोकली नाही की गळली नाही. म्हणजे गाडीत दोष नव्हता. मग पेट्रोल गेलं कुठे? घर जवळ येत गेलं तसं तिला एकच उत्तर दिसायला लागलं आणि ते तिला नको होतं.

नऊ वर्षांपूर्वीपर्यंत तिचा नवरा तेमिरकुल प्यायचा. ट्रॅक्टर दुरुस्तीचं उत्तम काम करणारा माणूस, पण संध्याकाळी हाताला लागेल ते विकायचा. एकदा त्याने याच गाडीची टाकी रात्रीतून उपसली होती. मग एका हिवाळ्यात बर्फात पडून दोन बोटं गमावली, तेव्हापासून थेंब शिवला नव्हता. नऊ वर्षं.

फाटक वाजताच तो हात पुसत अंगणात आला. चेहऱ्यावर हसू होतं.

"आलीस? काय म्हणते काच? छातीला वारा लागला का?"

काच दहा दिवसांपूर्वीच बसवली होती. हिवाळ्यात उल्कानला न्यूमोनिया झाला होता आणि खोकला जूनपर्यंत गेला नव्हता. तेमिरकुलने मोडीत निघालेल्या बसची मागची जाड प्लास्टिकची काच आणली, कापली, घासली आणि हँडलपुढे उभी केली. दोन्ही बाजूंना गुडघ्यांपर्यंत पत्रे. शेजारचा मुकाश, तेमिरकुलला आके म्हणजे दादा म्हणणारा, बघायला आला होता. "तेमिरकुल आके, आता वर छप्पर टाका अन् आत चूल मांडा, आम्ही राहायलाच येतो!" सगळे हसले होते. त्यानंतर गावातल्या गावातच फेऱ्या झाल्या होत्या. लांबची ही पहिलीच.

उल्कानने गाडी उभी केली. ती नवऱ्याला कायम 'तुम्ही' म्हणायची. "किती काढलंस?" तिने विचारलं.

"काय?"

"पेट्रोल. किती काढलंस टाकीतून? कुणाला विकलंस?"

तेमिरकुलचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव निघून गेला. "उल्कान, काय झालं?"

"पोर मेलं. आठ किलोमीटर अलीकडे गाडी थांबली आणि शार्शेनचा नातू मेला. तोंड उघड तुझं. वास घेऊ दे मला."

त्याने तोंड उघडलं. पन्नाशी उलटलेला माणूस, शेजाऱ्यांच्या कुंपणासमोर, तोंड उघडून उभा राहिला. चहाचा वास होता. उल्कानला तेवढ्यानेही पटलं नाही. "विकणारा लगेच पितोच असं नाही," असं म्हणून ती आत गेली.

पुढले दोन दिवस तो घरात फिरकला नाही. जेवण शेडमध्ये नेऊन जेवला. गाडीचा कार्बोरेटर उघडला, धुतला, नळी पाण्यात बुडवून फुंकून पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्यासमोर उभा राहिला. हातात नितळ प्लास्टिकची बाटली होती, तिला तळाशी रबरी नळी जोडलेली.

"बरोबर एक लिटर. तूच माप."

"कशाला?"

"गाडीत काही बिघाड नाही. गळती नाही. दहा दिवसांत तिच्यात नवीन अशी एकच गोष्ट आलीये." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "चल. गाडी तू चालव. मी मागे बसतो. नाहीतर म्हणशील, लबाडी केली."

गावाबाहेर खिंडीकडे जाणाऱ्या सडकेवर पहिल्या किलोमीटरच्या दगडापाशी त्याने टाकीची नळी काढून बाटलीची जोडली. वारा त्या दिवसासारखाच समोरून होता. उल्कानने सत्तरचा वेग धरला. काचेमागे ऊब होती. वारा दोन्ही कानांजवळून शिट्ट्या घालत जात होता, हँडल मात्र एखाद्या दाराला ढकलावं तसं जड लागत होतं. आजवर तिला वाटलं होतं, जड म्हणजे भक्कम. अकरावा दगड ओलांडून थोडं पुढे गेल्यावर गाडी आचके देऊन थांबली. तेमिरकुलने उतरून सडकेच्या कडेला तीन धोंडे रचले.

बरोबर आणलेल्या डब्यातलं पेट्रोल घालून ते परतले. पहिल्या दगडापाशी त्याने पान्याने बोल्ट सोडवले. काच आणि पत्रे गवतात ठेवले. बाटली पुन्हा काठोकाठ भरली.

"तोच वेग धर," तो म्हणाला. "पण वाकून बस. पूर्वी बसायचीस तशी."

पूर्वी ती वाऱ्यापासून तोंड वाचवायला टाकीवर जवळजवळ आडवी व्हायची. तेमिरकुल त्यावरून तिला चिडवायचा. आताही ती वाकली. गार वारा गळ्यातून आत घुसला, डोळ्यांत पाणी आलं. गाडी मात्र सैल सुटली. पाचवा दगड गेला, आठवा गेला. तेमिरकुलचं डोकं तिच्या पाठीला टेकलं होतं.

धोंडे दिसायला लागले तेव्हा उल्कान इंजिनचा आवाज ऐकू लागली. आता आचका देईल. द्यायलाच हवा. थांब, ती मनात म्हणाली. थांब ना. गाडी धोंड्यांवरून पुढे गेली. बारावा दगड गेला. थांब. तेरावा. तिच्या हाताची बोटं बधिर झाली होती, वाऱ्याने की आणखी कशाने ते तिला कळेना. चौदावा, पंधरावा. सोळाव्याच्या अलीकडे बाटली संपली आणि सगळीकडे एकदम शांत झालं.

दोघंही उतरले नाहीत.

"साडेचार किलोमीटरचा फरक," तेमिरकुल म्हणाला. "एका लिटरमागे. पाच लिटरला किती झाले?"

"हिशेब नका करू."

"बावीस. तू पोचून वर पेट्रोल उरलं असतं."

"तुम्हाला काय माहीत होतं? मला तरी कुठे होतं? सगळ्यांनाच वाटतं, काच वारा कापते."

"कापत नाही. ती भिंत आहे. वाऱ्यासमोर मी भिंत उभी केली आणि ती तुला ढकलत न्यायला लावली." तो उतरून सडकेवर बसला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मी ट्रॅक्टरचा माणूस. वीसच्या वेगाने चालणारी यंत्रं. मला वाऱ्यातलं काय कळतंय? परवा तू चोर म्हणालीस ना, तेव्हा मला राग आला. आता वाटतंय, चोर असतो तर बरं झालं असतं. चोराला कारण तरी असतं."

उल्कानला त्याची माफी मागायची होती. पण ती माफी या क्षणी त्याच्या हातात ठेवणं म्हणजे, तू चोर नाहीस, पोर गेलं ते तुझ्या काचेमुळे, असं सांगणं होतं. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. वारा दोघांच्या कपड्यांत भरत राहिला.

"मला शार्शेनकडे घेऊन चल," तो म्हणाला.

"कशाला? त्यांनी अल्लाची मर्जी म्हणून सोडून दिलंय. त्यांना जगू द्या."

"ते तसं मानतात, कारण त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे."

शुक्रवारी ते गेले. काच नव्हती आणि टाकीत तेवढंच, पाच लिटर पेट्रोल होतं. कुरणावर पोचल्यावरही टाकीत खळखळ वाजत होतं. तो आवाज ऐकून तेमिरकुलने डोळे मिटले.

शार्शेन खोगीर शिवत बसला होता. तेमिरकुलने बसायला नकार दिला. उभ्यानेच सगळं सांगितलं. काच, पत्रे, बाटली, धोंडे. कुठे थांबला नाही, कुठे स्वतःची बाजू घेतली नाही. शार्शेनची सुई मध्येच थांबली होती. ऐकून झाल्यावर तो उठला आणि घोड्यांकडे निघून गेला.

तंबूच्या दारात बुरुल उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. दूध आटावं म्हणून तिच्या छातीला लोकरीचा पट्टा करकचून बांधला होता.

"काच कशाला लावली होती, आके?" तिने विचारलं.

तेमिरकुलने उल्कानकडे पाहिलं. उल्कानच म्हणाली, "माझी छाती भरते म्हणून. गारठ्याने."

बुरुल तिला म्हणाली, "आता? काच नसताना आलात ना? भरली का छाती?"

"थोडी."

"आत या. शेगडी पेटलीये." ती तेमिरकुलकडे वळली. "तुम्हीही या. मला तुमच्याशी बोलता येणार नाही. पण आत या."

थोड्या वेळाने शार्शेन दारात आला. त्याचे डोळे लाल होते. तो तेमिरकुलला म्हणाला, "एवढ्या लांब आलायस. चल, त्याला भेट."

टेकडी उतरून ते तिघं ओढ्याच्या वळणावर गेले. दोन मोठ्या खडकांच्या मधे, हातभर लांबीचा मातीचा उंचवटा होता. वर नदीतले गोटे लावले होते.

"आमचं कब्रस्तान वर माळावर आहे," शार्शेन म्हणाला. "पण तिथे वारा फार. एवढंसं पोर. बुरुल म्हणाली, इथे ठेवा."

तेमिरकुल गुडघ्यांवर बसला. त्याने तीन बोटांचा हात आणि पाच बोटांचा हात एकमेकांशेजारी धरले. उल्कान त्याच्या शेजारी बसली, शार्शेन पलीकडच्या बाजूला. वर माळावरचं गवत आडवं होऊन पळत होतं. इथे खडकांच्या मधे एक पातंही हलत नव्हतं.