दर्शनी भिंत

"घर बघाया आलो आन् बंगलाच निघाला की, पावणं," सावळेराम रस्त्यावरूनच म्हणाले आणि मान वर करून उभे राहिले.

हे मुलीचे मामा. जयवंत गवंड्याच्या मुलाचं, कपिलचं स्थळ पसंत होतं, आता घर बघायचं म्हणून घोडेगावहून राजुरीला आले होते. जयवंतचं घर विचारत आले, तर समोर ही कमान. दोन्ही अंगांना विटांचे गोल खांब, वर गिलाव्यात काढलेली पिंपळपानं, त्याखाली रंगीत फरशीच्या तुकड्यांची पट्टी. ही भिंत जुन्नरच्या पेठेत शोभली असती.

पेठेतल्या घरांचं जयवंतला वेडच होतं. बाजाराला गेला की बायकोची, आक्काबाईची भाजी घेऊन होईपर्यंत हा कुणाच्या तरी सज्जाखाली तोंड वर करून उभा. "गाव त्वांडावरनं कळतं," म्हणायचा. उभी हयात त्याने दुसऱ्यांच्या दारांवर गणपती काढले, खांबांना कमळं काढली. आणि स्वतःचं घर काढलं तेव्हा शहाण्या गवंड्याने करू नये ते केलं. आधी पुढची भिंत उभी केली.

कामावर उरलेल्या विटा, फुटक्या फरशा मागून आणायच्या आणि सुट्टीच्या दिवशी लावायच्या. बाकीच्या तीन भिंती पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी पुन्हा खांबाचा गोल मनासारखा झाला नाही म्हणून तोच उकलायचा. अशी नव्वदच्या दशकातली सगळी वर्षं गेली. पुढून बंगला, मागे पत्र्याची खोप. गावाने राजवाडा म्हणून नाव ठेवलं. त्याच्या प्रत्येक कामावर जिने डोक्यावरून घमेली वाहिली ती आक्काबाई आधी भांडली, मग थकली, मग गप्प झाली.

मामा दारातून आत शिरले आणि पुन्हा उघड्यावरच आले. समोर पत्र्याचं छप्पर, चूल, दोरीवर गोधड्या.

"आन् घर कुठंय?" त्यांनी विचारलं. त्यात खोच नव्हती, म्हणून ते जास्तच लागलं.

कपिलने मान खाली घातली. चाकणच्या कंपनीतून फोनवर त्याने मुलीकडच्यांना 'काम चालू आहे' एवढंच सांगितलं होतं. ते तसं खोटंही नव्हतं.

"बांधायचंय आता..." जयवंतने सुरुवात केली.

"ह्येच घर," आक्काबाई मध्येच म्हणाली. "पावसाळ्यात दोन जागी गळतं. उद्या पोरगी हितंच यायची, तिला कशाला फसवायचं? पन ही भित ह्यांनी येकट्यानं बांधलीय. हसायचं आसंल तर मला हसा, ह्या भितीला नको."

जयवंत तिच्याकडे बघतच राहिला. मामा हसले नाहीत. चहा घेतला, निघताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मानसं चांगली हायती, दादा. पन निजायला चार भिती लागत्यात. दिवाळीपतोर येक खोली काढा, मंग पुढचं बोलू. जय भीम."

कपिल त्यांना फाट्यावर सोडायला गेला. आक्काबाईने कपबशा विसळल्या.

"खोलीला इटा हायती की आपल्याकडं," ती म्हणाली.

"कुठं?"

तिने नुसतं कमानीकडे बघितलं.

"आता तर तिची बाजू घेतलीस."

"घेतली. उद्या परत कुनी हसलं तरी घेईन. पन मी दमले आता. लई दमले."

 

सकाळी जयवंतने कमानीखाली फळ्यांचा ठेपा दिला. बांधताना दिला होता तसाच काढतानाही द्यावा लागतो, नाहीतर सगळी एकदम अंगावर येते. वरून एकेक वीट सोडवून तो खाली देई आणि आक्काबाई ती झेलून रचून ठेवी. सिमेंट बेताचंच पडलं होतं म्हणून विटा शाबूत निघाल्या. पिंपळपानांना छिन्नी लागली की त्यांचा भुगा होई. पहिलं पान गेलं तेव्हा दोघंही जरा थांबली, मग कामाला लागली.

दुपारी भिंत जोत्याला आली. आक्काबाई हातपाय धुऊन चुलीपाशी सुपात तांदूळ निवडत बसली. रस्त्याने नगरची यष्टी आली आणि गतिरोधकाशी मंदावली. खिडक्यांतली माणसं सरळ आत बघू लागली. चूल, गोधड्या, ठिगळ लावलेलं लुगडं नेसलेली जयवंतची बायको. इतकी वर्षं रस्त्यावरून आपलं घर बघायचं सुख त्याने भोगलं होतं. आज मात्र शरमेने त्याला कुठे बघावं कळेना. तो उठला आणि जिथे दार होतं तिथे रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला, छाती पुढे काढून, होता होईल तेवढा रुंद.

आक्काबाईने मान वर केली. "काय वो?"

"काय न्हाय."

"मंग सरका जरा. खडं दिसनात." तिने सूप पुढे ओढलं. "इतक्या वर्सांनी चुलीपतोर उजेड आलाय, त्यो तरी येऊ द्या."

यष्टी अजून पुरती गेली नव्हती. तो बाजूला झाला.