रविवारची पेरणी

"वाळूवर गाणं चढत नाही गं," अक्का म्हणाली आणि तिनं मूठ झटकून टाकली.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. आमच्या वस्तीत बी हातानं फोकतात आणि फोकताना गातात. एक मूठ, एक ओळ. बोटांतनं बी जसं सुटेल तशी ओळ लांबते. पर्यटनवाल्या साहेबांना हे फार आवडलं. पेरणीला दोन महिने अवकाश होता, जमीन भेगाळलेली. पण त्यांचे पाहुणे याच रविवारी यायचे होते.

"बियाणं कशाला वाया घालवता? वाळू घ्या. लांबून कोणाला कळतंय?" साहेबांनी तोडगा काढला. पाहुणे खूश झाले तर नळाची लाईन वस्तीपर्यंत आणायचा शब्दही दिला. हंडे वाहून माझी मान कायमची आखडलीय, मी कशाला नको म्हणतेय!

आता पाहुणे बांधावर उभे होते आणि अक्काची तिसरी ओळही अर्ध्यात तुटली होती. वाळू मुठीतनं एकदमच निसटायची. एक बाई तर गाडीकडं निघाल्यासुद्धा.

"अहो आजी, जमवा की कसंतरी!" साहेबांचा आवाज चढला.

माझा धीर सुटला. धावत घरी गेले, बियाण्याचं मडकं टोपलीत उपडं केलं आणि टोपली आणून अक्काच्या कमरेला टेकवली.

"अगं, हे बी आहे!"

"माहितीय. गा, अक्का."

अक्का गायली. अशी गायली की मलाच भरून आलं, आणि जाणारी एकेक मूठ मी मोजतही होते. घरात दुसरं बी नव्हतं. पाहुण्यांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला.

"फक्कड!" साहेब म्हणाले. "लाईनचं बघतो मी. पुढच्या रविवारी दोन बस आणतो."

ते सगळे गाड्यांकडं वळले, तशा आम्ही दोघी दाणे वेचायला बसलो. पाखरं आमच्या आधीच उतरली होती. भेगांत नखं घालून एकेक दाणा उकरायचा, पदरात टाकायचा. अक्का एका हातानं पाखरं हाकत होती, मी मात्र ढसाढसा रडत होते.

साहेब चष्मा विसरले म्हणून परत आले. आमच्याकडं बघत थबकले.

"वा! हेही पेरणीतलंच का? आधी नाही सांगितलंत! थांबा, पाहुण्यांना बोलावतो."

अक्कानं मान वर केली नाही.

"बोलवा," ती म्हणाली. "फक्त त्यांना म्हणावं, बांधावरच उभे राहा. पायाखाली दाणे जातील."