सपाट छताची शाळा

शाळा पाडायच्या आधी गावाने तिला निरोपाची कॉफी ठेवली, आणि तिचा आर्किटेक्ट म्हणून मला मानाने बोलावलं. भिंती बुरशीने पोखरलेल्या, मुलं खोकून बेजार झालेली, तरी वेलदोड्याचे पाव आधी माझ्याच पुढ्यात आले. आम्ही फिनलंडची माणसं रागावलो की जास्तच सभ्य होतो.

चाळीस वर्षांपूर्वी छताचा सांगाडा चढला, तेव्हा रिवाजाप्रमाणे कामगारांना वाटाण्याचं सूप पाजलं. कंत्राटदार उर्हो तिक्काला वाडगं घेऊन माझ्याजवळ आला.

"साहेब, थोडा उतार द्या की. बर्फ कमरेएवढा साचतो इथं."

"शाळा बांधतोय आपण, गोठा नव्हे," मी म्हणालो. सगळे हसले, तोही हसला. मला बाहेरून एक सरळ रेघ दिसायला हवी होती, बस्स. त्या काळी आम्हा सगळ्यांनाच सपाट छतांचं वेड लागलं होतं.

पाणी झिरपायला लागल्यावर नगरपालिकेने जाब विचारला. मी लेखी कळवलं, आराखडा निर्दोष आहे, छताचे जोड नीट बसवलेले नाहीत. ते जोड मी स्वतः तपासले होते, पक्के होते. तिक्कालाची कामं बंद झाली. मला पुढे दोन वाचनालयं आणि एक नाट्यगृह मिळालं. त्या पत्राची मला आजही लाज वाटते.

म्हणून कॉफीच्या वेळी उठलो आणि सगळं सांगून टाकलं. 

"अहो, तेव्हाची सगळीच छतं गळतात," नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणाले. "पाव घ्या ना."

तिक्कालाची मुलगी माइरे इथेच शिक्षिका होती. बुरशीने तिचा आवाज कायमचा बसला होता. "आम्हाला काय सांगताय?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बाबा आहेत अजून. चला घरी."

नव्वदीचा तिक्काला खिडकीपाशी बसला होता. शिव्या खायच्या तयारीने मी सगळं सांगितलं.

"म्हणजे जोड बरोबर होते?" त्याने विचारलं.

"एकूण एक."

"तुम्ही लिहिलंत म्हणून मी मानलं हो. शिकलेला माणूस खोटं कशाला लिहील? पोरीचा आवाज माझ्या हातून गेला, असंच धरून चाललो होतो. तिच्याकडे धड बघवत नव्हतं मला."

माइरे दारात उभी होती. बाप आपल्याशी का बोलत नाही, हे तिला आज कळत होतं.